शोकनिवारणाची परंपरा आणि पिंपरी-चिंचवडचा कामगार

‘समुपदेशन’ हा शब्द आज पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील कामगार वस्त्यांना अपरिचित राहिलेला नाही. मनावरील ताण, आप्ताचा मृत्यू, नोकरी सुटणे, सेवानिवृत्ती, संसार विस्कटणे अशा प्रसंगी दूरध्वनीवरून किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून प्रशिक्षित व्यक्तीशी बोलता येते, मन मोकळे करता येते व पुढील उपचारांची दिशा मिळू शकते. ही सोय नवी आहे. परंतु ज्या गरजेतून ती निर्माण झाली ती गरज मनुष्यजातीइतकी जुनी आहे. म्हणून आमच्यासमोर प्रश्न उभा राहतो तो असा, की दुःखी माणसाला धीर देण्याचे कार्य बौद्ध परंपरेत कोणी, कोठे आणि कशा रीतीने केले? आणि त्या परंपरेचे वारस म्हणून आपण या नव्या साधनाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा इतिहासाच्या आधारे विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

श्रमिक आणि लेणी

पुण्याहून जुन्या मुंबई मार्गाने निघाले, की पिंपरी, चिंचवड, निगडी मागे पडतात आणि देहूरोड ओलांडल्यावर शेलारवाडीचा डोंगर लागतो. या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. पुढे त्याच मार्गाच्या परिसरात कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी आहेत. कोकणातील बंदरे आणि देशावरील बाजारपेठा यांना जोडणाऱ्या प्राचीन व्यापारी मार्गावर ही लेणी कोरली गेली. ज्या मार्गाने आज मोटारी आणि त्यांचे सुटे भाग वाहून नेले जातात, त्याच्या आसपास दोन हजार वर्षांपूर्वीही श्रमाचा आणि मालाचा प्रवाह वाहत होता.

या लेण्यांतील शिलालेख बौद्ध वाचकाने अवश्य अभ्यासावेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराचा लेख आहे. तेथेच सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या सिंहदत्ताचाही लेख आहे. शेलारवाडीच्या लेखात एका हालिकाची, म्हणजे नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याची पत्नी दाती म्हणून आपल्या पुत्रासह नोंदली गेली आहे. राजे आणि श्रेष्ठी यांच्याबरोबरच सुतार, शेतकरी आणि गृहिणी यांनीही संघाला दान दिले, ही गोष्ट या लेखांवरून निर्विवाद सिद्ध होते. संघ आणि श्रमिक यांचे नाते निकटचे होते. दान देणारा उपासक विहारात केवळ दानासाठी जात नसतो. वर्षावासात भिक्खू एका ठिकाणी राहत, उपदेश करीत आणि उपासक आपली सुखदुःखे घेऊन त्यांच्याकडे जात, हे विनय आणि सुत्त वाङ्मयावरून स्पष्ट दिसते. ते दुःख कशा रीतीने ऐकले जाई, हे समजून घेण्यासाठी आपल्याला तथागतांच्या चरित्राकडे वळले पाहिजे.

तथागतांची पद्धती

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या आठव्या खंडात तथागतांच्या मानवतेचे वर्णन केले आहे. तेथे करुणेनंतर लगेच शोकनिवारणाला स्थान आहे. विशाखेचे आणि किसागोतमीचे सांत्वन हे दोन प्रसंग बाबासाहेबांनी तेथे घेतले आणि त्यापाठोपाठ रुग्णांविषयीची तथागतांची आस्था सांगितली. ही मांडणी आकस्मिक आहे असे आम्हांस वाटत नाही. धम्माच्या संस्थापकाचे मोठेपण चमत्कारांत न शोधता त्याने शोकाकुल मातेशी कसे वर्तन केले यात शोधावे, हा बाबासाहेबांचा दृष्टिकोन त्यातून व्यक्त होतो.

किसागोतमीची कथा सर्वपरिचित आहे. मृत बालकाला उराशी धरून ती औषध मागत फिरत होती. तथागतांनी तिची निर्भर्त्सना केली नाही, बालकाला उठविण्याचे आश्वासनही दिले नाही आणि तिला लांबलचक प्रवचनही ऐकविले नाही. ज्या घरी कोणाचाही मृत्यू झालेला नाही अशा घरातून मोहरी आणण्यास त्यांनी तिला सांगितले. तिने दारोदार जाऊन विचारले. प्रत्येक दारी तिला मोहरी मिळत होती, परंतु प्रत्येक दारी कोणाच्या तरी मृत्यूची हकीकतही ऐकावी लागत होती. जे सत्य तिला सांगून पटले नसते ते तिला स्वतःच्या अनुभवाने उमगले. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. शोक माणसाला एकटे पाडतो. तथागतांनी तिला प्रथम त्या एकटेपणातून बाहेर काढून लोकांमध्ये पाठविले आणि निष्कर्ष तिचा तिलाच काढू दिला.

पटाचारेची कथा याहून दारुण आहे. पती, दोन मुले, माता, पिता आणि बंधू यांना अल्पावधीत गमावून ती भ्रमिष्ट अवस्थेत फिरत असता लोक तिला हाकलून देत होते. तथागतांनी तिला जवळ येऊ दिले आणि भानावर आणले. पुढे ती थेरी झाली आणि अपत्यवियोगाने खचलेल्या अनेक स्त्रियांना तिने सावरले, असे थेरीगाथेची परंपरा सांगते. ज्याने स्वतः दुःख भोगले आणि त्यातून जो बाहेर आला तोच दुसऱ्याला आधार देण्यास अधिक समर्थ होतो, हे तत्त्व आज व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात सर्वमान्य झाले आहे. त्याचे एक प्राचीन उदाहरण आपल्या थेरींनी घालून दिले आहे.

तिसरे उदाहरण अंगुत्तर निकायातील नकुलमातेचे आहे. तिचा पती नकुलपिता आजारी पडला आणि आपल्यामागे संसाराचे काय होईल या चिंतेने ग्रासला. नकुलमातेने त्याला सांगितले, की मला सूत कातता येते, लोकर पिंजता येते. मी मुलांना वाढवीन, घर चालवीन. तुम्ही चिंता मनात ठेवून देह ठेवू नका. तिच्या या धीराच्या शब्दांनी नकुलपित्याला बरे वाटले, तो आजारातून उठला आणि तथागतांनी तिची प्रशंसा केली. येथे सांत्वन करणारी कोणी भिक्खुणी नाही किंवा वैद्यही नाही. ती एक कष्टकरी गृहिणी आहे. तिने पतीची चिंता नेमकी ओळखली आणि तिला नेमके उत्तर दिले. चिंता रोजगाराची होती, म्हणून उत्तरही रोजगाराचेच होते.

देहूरोड, १९५४

शेलारवाडीच्या डोंगरापासून थोड्याच अंतरावर, देहूरोड येथे, २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. ही मूर्ती रंगूनहून आणलेली होती. त्याच महिन्यात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी ब्रह्मदेशात गेले होते. २५ डिसेंबर या तिथीलाच १९२७ साली महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले होते. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी, लष्करी छावणीच्या या गावात, कष्टकऱ्यांच्या समुदायासमोर हा सोहळा पार पडला. आजही दरवर्षी २५ डिसेंबरला धम्मबांधव तेथे मोठ्या संख्येने एकत्र येतात.

योगायोग असा, की १९५४ हेच पिंपरीच्या औद्योगिक इतिहासाचेही महत्त्वाचे वर्ष आहे. हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही पेनिसिलिन निर्माण करणारी सरकारी कंपनी त्याच वर्षी पिंपरी येथे स्थापन झाली. शरीराच्या रोगावरील औषधाचा कारखाना आणि दुःखमुक्तीचा मार्ग सांगणाऱ्या महापुरुषाची मूर्ती, या दोन्ही गोष्टी या पट्ट्यात एकाच वर्षी आल्या.

बाबासाहेबांच्या दुःखविषयक विचाराचे एक वैशिष्ट्य येथे सांगणे अगत्याचे आहे. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून वृद्ध, रोगी आणि शव यांच्या दर्शनाची रूढ कथा त्यांनी स्वीकारली नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात निर्माण झालेला संघर्ष हे कारण त्यांनी मांडले. म्हणजेच बाबासाहेबांच्या दृष्टीने दुःख हे केवळ जरा आणि मरण यांतून निर्माण होत नाही. माणसाने माणसाशी केलेल्या अन्यायातूनही ते निर्माण होते. पूर्वजन्मीच्या कर्मामुळे या जन्मी दुःख भोगावे लागते ही कल्पनाही त्यांनी नाकारली. दुःखी माणसाच्या दृष्टीने या नकाराचे महत्त्व फार मोठे आहे. ज्याचा तरुण मुलगा यंत्रावर काम करताना दगावला, त्या पित्याला हे तुझे मागील जन्मीचे फळ असे सांगणे म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ चोळणे होय. धम्मात अशा सांत्वनाला जागा नाही.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी कामाच्या तासांचा प्रश्न हाती घेतला. १९४६ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याची कमाल मर्यादा ५४ तासांवरून ४८ तासांवर आली. कामाचे तास कमी करणे हा कामगाराच्या मनःस्वास्थ्याचाही उपाय आहे, हे आज मानसशास्त्राचे अभ्यासकही सांगतात. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. भारतीय कारखान्यांत कामगाराचे गाऱ्हाणे ऐकून घेण्याच्या जबाबदारीला त्यामुळे कायद्याचा आधार मिळाला.

उद्योगनगरी आणि विहार

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. साठीच्या दशकात आकुर्डीला बजाज ऑटो आणि पिंपरीला टेल्को यांचे कारखाने उभे राहिले. १९७० साली पिंपरी-चिंचवड नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका अस्तित्वात आली. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राचा ग्रामीण भाग होरपळला. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, अहमदनगर या भागांतून पोटासाठी माणसे या नगरीत येत राहिली. त्यांत आपल्या समाजाचे स्त्रीपुरुष मोठ्या संख्येने होते. गावकुसाबाहेरील जिणे मागे टाकून ते आले, हे स्थलांतर मुक्तीचेही होते. तथापि गाव सोडताना भावकी आणि आप्तांचा आधारही मागे राहिला.

ती उणीव वस्त्यांतील विहारांनी भरून काढली. पत्र्याच्या शेडपासून सुरुवात झालेल्या या विहारांत वर्षावासाच्या तीन महिन्यांत बाबासाहेबांच्या ग्रंथाचे वाचन होते. घरात मृत्यू झाल्यास बौद्धाचार्य येतात, त्रिशरण-पंचशील होते, पुढे जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो, मृताच्या जीवनावर चार माणसे बोलतात. महिला मंडळाच्या भगिनी त्या घरी जाऊन बसतात, स्वयंपाकाचे पाहतात. या साऱ्याला कोणी समुपदेशन म्हटले नाही. परंतु शोकाकुल कुटुंबाला एकटे न सोडणे आणि मृताविषयी बोलण्यास अवसर देणे ही दोन्ही कामे त्यातून झाली. दापोडी येथे १९९० साली उभा राहिलेला त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाचा महाविहार आणि त्याच्याशी निगडित बहुजन हिताय या संस्थेचे सामाजिक कार्य हा याच परंपरेचा संघटित आविष्कार होय.

मृत्यूच्या प्रसंगी विहार उभा राहिला. परंतु जगण्यातील इतर संक्रमणांच्या प्रसंगी तो तितक्याच समर्थपणे उभा राहिला काय? १९८९ साली टेल्कोचे कामगार पुण्यात शनिवारवाड्यावर उपोषणास बसले, तेव्हा लढ्याची चर्चा झाली. लढणाऱ्यांच्या घरांतील ताणाची चर्चा झाली नाही. २००७ साली आकुर्डीतील बजाजचे वाहन-उत्पादन थांबले. २००८ साली तळेगावला सुरू झालेल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातील मोटारनिर्मिती २०२० च्या डिसेंबरात संपली. दरम्यान चाकणला नवे कारखाने आले. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला. एकीकडे दारे उघडत होती, दुसरीकडे मिटत होती. कायम नोकरीच्या आधारावर घराचे कर्ज आणि मुलांचे शिक्षण उभे केलेला पन्नाशीतील कामगार आणि कंत्राटावर येऊन सात-आठ महिन्यांत पुन्हा बाहेर पडणारा तरुण, या दोघांच्याही मनावर या बदलांचा भार पडला. नोकरी गेलेल्या माणसाच्या घरी कोणी जलदान विधी करीत नाही. त्याचा शोक समाजाला दिसत नाही, म्हणून तो एकट्यानेच भोगावा लागतो आणि पुष्कळदा मद्याच्या आश्रयाला जातो. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. व्यसनातून बाहेर पडलेल्यांनीच नव्यांना आधार द्यावा ही पटाचारेची रीत तेथेही दिसून येते.

दूरध्वनी ते पडदा

दूरध्वनीवरून दुःख ऐकून घेण्याच्या संघटित कार्याचा आरंभ १९५३ साली लंडनमध्ये चॅड व्हारा या धर्मगुरूंनी केला. ‘समॅरिटन्स’ या नावाने ते कार्य पुढे वाढले. आत्महत्येच्या विचारात असलेल्या माणसाला उपदेश करू नये, त्याचे शांतपणे ऐकावे, हे त्याचे सूत्र होते. पुण्यात २००५ पासून ‘कनेक्टिंग’ ही संस्था आत्महत्या-प्रतिबंधाचे असे कार्य करीत आली आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ साली ‘आय-कॉल’ ही सेवा सुरू केली. तिने दूरध्वनीबरोबरच संगणकीय पत्रव्यवहाराचाही उपयोग केला.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने या क्षेत्राला हक्काची भाषा दिली. या कायद्याच्या १८ व्या कलमाने मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क मान्य केला आणि त्यात जात, धर्म, लिंग, वर्ग यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली. २३ व्या कलमाने गोपनीयतेचा हक्क दिला. ११५ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून न पाहता तीव्र ताणाखालील व्यक्ती म्हणून पाहावे असे ठरविले.

२०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी आली. विहार बंद झाले. अंत्यविधीला वीसपेक्षा अधिक माणसांनी जमू नये असा नियम झाला. शोकाकुलाच्या घरी जाऊन बसण्याची आपली जी सर्वांत मोठी शक्ती, तीच नेमकी निषिद्ध झाली. त्या काळात पुण्यानुमोदनाचे कार्यक्रम पडद्यावर झाले, भिक्खूंनी परित्राणपाठ भ्रमणध्वनीवरून ऐकविला. दूरस्थ सांत्वनाची सवय लोकांना तेव्हा लागली. पुढे १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘टेलिमानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य, मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते. २०२५ च्या प्रारंभापर्यंत देशभरातून १८ लाखांहून अधिक दूरध्वनी या सेवेकडे आले. एवढ्या माणसांना बोलावेसे वाटत होते आणि त्यांतील पुष्कळांना जवळ ऐकणारे कोणी नव्हते, हा या आकड्याचा अर्थ आहे.

परीक्षण

या नव्या साधनाचे मूल्यमापन बौद्ध दृष्टीने कसे करावे? कालाम सुत्तात सांगितल्याप्रमाणे, नवे म्हणून त्याज्य मानू नये आणि शास्त्रीय म्हणविते म्हणून डोळे झाकून स्वीकारूही नये. ते लोकांच्या हिताचे आहे काय हे पाहावे.

त्याचे गुण उघड आहेत. रात्रपाळी करणाऱ्या कामगाराला पहाटे तीन वाजता विहार उघडा मिळत नाही, दूरध्वनी मिळतो. ज्या स्त्रीला घरातील मारहाणीविषयी वस्तीतील कोणाशी बोलण्याची भीती वाटते, तिला अनोळखी आवाज अधिक सुरक्षित वाटतो. वस्तीतील परिचय जसा आधार देतो तशी कुजबुजही करतो, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. शिवाय तीव्र नैराश्य, भ्रम यांसारख्या आजारांना वैद्यकीय उपचारांची गरज असते. तेथे केवळ धम्मप्रवचन पुरे पडत नाही. तथागतांनी अतिसाराने आजारी भिक्खूला आनंदासह स्वतः स्नान घातले. त्याला प्रवचन देऊन ते पुढे गेले नाहीत.

त्याच्या मर्यादाही तितक्याच उघड आहेत. एका खोलीत पाच माणसे राहतात, तेथे मन मोकळे करण्यासाठी एकांत कोठून आणावा? दुसरे असे, की समुपदेशकाला जातीच्या अनुभवाचे ज्ञान नसेल, तर कार्यस्थळी झालेला अपमान हा त्याला केवळ अतिसंवेदनशीलतेचा भाग वाटण्याचा धोका असतो. कायद्याच्या १८ व्या कलमात जातीचा उल्लेख आहे. तो प्रशिक्षणातही उतरला पाहिजे. तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर आहे. बारा तास राबणाऱ्या, उद्याच्या नोकरीची शाश्वती नसलेल्या तरुणाला श्वासावर लक्ष ठेवण्यास शिकवून पुन्हा त्याच बारा तासांच्या कामावर पाठविणे, याला दुःखनिवारण म्हणता येणार नाही. रोहिणीच्या पाण्याचा तंटा सोडविल्याशिवाय शाक्यांना आणि कोलियांना मनःशांती लाभणार नव्हती. जे दुःख मरणातून आले त्याला सांत्वन हवे, जे अन्यायातून आले त्याला संघटन हवे. आणि पुष्कळदा एकाच माणसाला दोन्ही हवे असते. या दोहोंतील भेद ओळखणे हीच सम्यक दृष्टी होय.

विहारांचे कर्तव्य

आमच्या मते विहाराने या सेवांशी स्पर्धा करू नये आणि आपले कार्य त्यांच्यावर सोपवून मोकळेही होऊ नये. कल्याणमित्रता हे अर्धे ब्रह्मचर्य आहे असे आनंद म्हणाला, तेव्हा ते अर्धे नसून संपूर्ण ब्रह्मचर्य आहे असे तथागतांनी त्याला सांगितले. हे कल्याणमित्राचे काम विहारांनी आता योजनापूर्वक हाती घ्यावे. प्रत्येक विहारात १४४१६ हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहिलेला असावा. ज्यांच्या घरी एकांत नाही अशांना दूरध्वनीवर बोलता यावे म्हणून विहारातील एक खोली ठराविक वेळी उपलब्ध करून द्यावी. वस्तीतील चार-पाच उपासक-उपासिकांनी ऐकण्याचे प्रशिक्षण घ्यावे आणि ऐकलेले बाहेर न सांगण्याचे व्रत पाळावे. मृत्यू झालेल्या घरी आपण जातोच. नोकरी गेलेल्या आणि निवृत्त झालेल्या माणसाच्या घरीही महिना उलटल्यावर जाण्याचा प्रघात पाडावा. आणि जेथे दुःखाचे मूळ कारखान्याच्या व्यवस्थेत आहे, तेथे संघटना आणि कायदा यांची वाट दाखविणाऱ्या माणसाशी गाठ घालून द्यावी.

सामी सुताराने कार्ल्याच्या चैत्यगृहाला द्वार करून दिले. ते घडविणारा श्रमिक होता आणि त्यातून आत जाणाऱ्यांतही श्रमिक होते. आपल्या वस्तीतील विहारांची दारेही कष्टकऱ्यांच्या वर्गणीतूनच उभी राहिली आहेत. येत्या वर्षावासात ग्रंथवाचन आटोपल्यावर दार लावून घेण्यापूर्वी, कोणाला काही बोलावयाचे आहे काय, एवढे विचारण्याची प्रथा जरी आपण सुरू केली, तरी किसागोतमीला जी दारे उघडी मिळाली, त्यांत आपल्या विहाराचे एक दार वाढेल.